गोंद, तार, दोरा आणि हातोडा: लायझा लू यांच्या मणीकामाचा प्रकरण अभ्यास

अमेरिकन कलावंत लायझा लू (जन्म १९६९) यांनी १९९१ ते १९९६ या काळात एक पूर्ण मापाचे स्वयंपाकघर काचेच्या बारीक मण्यांनी मढवून काढले. पुढच्या दोन दशकांत त्यांचे काम एकटीच्या चिमट्यापासून स्वयंसेवकांच्या तारेपर्यंत, तिथून दक्षिण आफ्रिकेतील विणकरांच्या दोऱ्यापर्यंत आणि अखेरीस हातोड्यापर्यंत गेले. या वाटचालीविषयी जे लिहिले जाते ते बहुधा चिकाटीभोवती फिरते. मणी किती, वर्षे किती आणि एवढी सहनशक्ती आली कुठून, हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. हे कौतुक खोटे नाही, पण त्याने कामाविषयी फारसे काही कळत नाही. प्रस्तुत अभ्यासात विचारलेला प्रश्न वरवर रुक्ष वाटेल: मणी पृष्ठभागाशी किंवा दुसऱ्या मण्याशी कशाने जोडलेला आहे? माझे म्हणणे असे आहे की या कलावंताच्या बाबतीत जोडणीची पद्धत जेव्हा जेव्हा बदलली, तेव्हा स्टुडिओत कोण काम करू शकेल, ते काम कोणाचे म्हणायचे आणि त्या कामातून काय सांगता येईल, या तिन्ही गोष्टी बदलल्या.

सुरुवातीची परिस्थिती थोडक्यात सांगायला हवी. लू सॅन फ्रान्सिस्को आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये चित्रकला शिकत होत्या आणि १९८९ मध्ये ते शिक्षण त्यांनी अर्ध्यावर सोडले. मणी हे गंभीर कलेचे माध्यम होऊ शकते, हे मानायला तिथे कोणी तयार नव्हते, असे त्यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. हा आक्षेप मराठी वाचकाला परका वाटू नये. आपल्याकडे रुखवतात मांडलेले मण्यांचे तोरण, मण्यांचा गणपती, मण्यांनी विणलेली ताटावरची झाकणे यांचे लग्नघरी तोंडभर कौतुक होते. पण ते कौतुक मुलीच्या हाताचे असते, कलाकृतीचे नव्हे, आणि लग्नानंतर त्या वस्तू माळ्यावर जातात. बाईच्या फावल्या वेळातले काम आणि कला यांच्यामध्ये ओढलेली ही रेघ दोन्हीकडे सारखीच आहे. लू यांनी ती पुसण्याचा प्रयत्न केला नाही. ज्या जागेमुळे ती रेघ पडते, ती स्वयंपाकघराची जागाच त्यांनी विषय म्हणून घेतली.

‘किचन’ या कलाकृतीचे क्षेत्रफळ १६८ चौरस फूट सांगितले जाते. लू यांनी आधी स्वयंपाकघरांच्या रचनेचा आणि गृहिणींच्या इतिहासाचा अभ्यास केला, आराखडे काढले, मग कागदाच्या लगद्यातून वस्तू घडवल्या, त्या रंगवल्या आणि त्यानंतर त्यांवर मणी बसवायला घेतले. मणी बसवण्याची रीत अगदी साधी होती: पृष्ठभागावर गोंद लावायचा आणि चिमट्याने मणी उचलून ठेवायचा. सिंकमधली खरकटी भांडी, नळातून पडणारी पाण्याची धार, टेबलावरची न्याहारी, ओव्हनमधला ‘पाय’ (फळे भरून भाजलेला पाश्चात्त्य पदार्थ) आणि ओळखीच्या अमेरिकन छापांची खोकी असे सारे काही या रीतीने मढवले गेले. मण्यांखालच्या रंगवलेल्या पृष्ठभागाला येथे विशेष महत्त्व आहे, कारण पारदर्शक काचमणी स्वतःचा रंग दाखवतो तसाच खालचा रंगही दाखवतो. निळ्या रंगावर बसवलेला निळा मणी आणि पांढऱ्यावर बसवलेला तोच मणी हे डोळ्याला वेगळे दिसतात. पाण्याच्या धारेत जी खोली भासते ती अशा थरांतून साधता येते. नुसत्या मण्यांच्या निवडीतून ती येत नाही.

या कामाचा आवाका कळण्यासाठी एक ढोबळ हिशेब मांडून पाहता येतो. बाजारात ज्याला ११ नंबरचा मणी म्हणतात तो साधारण दोन मिलिमीटरचा असतो. दोन मिलिमीटरचे मणी एकमेकांना खेटून बसवले तर एका चौरस फुटात सुमारे २२,५०० मणी लागतात. मिनिटाला दहा मणी असा वेग धरला, आणि चिमट्याने काम करताना तो दिवसभर टिकवणे सोपे नाही, तर एका चौरस फुटाला साडेसदतीस तास होतात. १६८ चौरस फुटांची जमीन सपाट धरून एवढीच जरी करायची म्हटली, तरी मणी जवळपास अडतीस लाख आणि तास सहा हजारांच्या वर जातात. म्हणजे रोज आठ तासांप्रमाणे एकही सुट्टी न घेता दोन वर्षांहून अधिक. भिंती, कपाटे, फ्रीज, भांडी आणि त्यांचे वाकडेतिकडे कोपरे यांत धरलेले नाहीत. हा लू यांच्या स्टुडिओचा हिशेब नव्हे, मणीकाम करणारा कोणीही कागदावर करील असा अंदाज आहे. पण पाच वर्षे का लागली हे त्यातून पुरेसे स्पष्ट होते.

गोंदाने जोडण्याचे काही परिणाम होतात, आणि या प्रकरणात ते निर्णायक ठरले. पहिला असा की चिकटवलेल्या मण्याला स्वतःची रचना नसते. तो ज्या वस्तूवर बसतो तिचाच आकार घेतो, त्यामुळे कप, झाडू, बशी, पाणी असे काहीही मढवता येते आणि कलावंताला वास्तवाची नक्कल करण्याची पूर्ण मोकळीक मिळते. दुसरा असा की प्रत्येक मणी ठेवताना एक स्वतंत्र निर्णय घ्यावा लागतो: कोणता रंग, छिद्र वर की आडवे, ओळ वळणाबरोबर न्यायची की आडवी तोडायची. हे निर्णय आधी लिहून ठेवता येत नाहीत, म्हणून ते दुसऱ्यावर सोपवणेही कठीण जाते. ‘किचन’ एकटीने झाले याचे श्रेय सहसा जिद्दीला दिले जाते. मला त्यात पद्धतीचा वाटाही तेवढाच दिसतो, कारण या पद्धतीत मदतनीस घेतला तर त्याच्या प्रत्येक मण्यावर पुन्हा नजर ठेवावी लागली असती.

१९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यू म्युझियममध्ये मार्शिया टकर यांनी मांडलेल्या ‘अ लेबर ऑफ लव्ह’ या प्रदर्शनात ही कलाकृती लोकांसमोर आली. टकर यांनी १९७७ मध्ये स्थापन केलेली ती संस्था नव्या आणि वादग्रस्त कामांसाठी ओळखली जात होती, आणि त्या प्रदर्शनाचा रोखच हस्तकला व कला यांतील उतरंडीकडे होता. शेगडीवर लू यांनी एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन यांच्या कवितेच्या ओळी मण्यांत लिहिल्या आहेत. नवऱ्याच्या अपेक्षेपर्यंत उंच होण्यासाठी स्त्री आपली खेळणी टाकून देते आणि पत्नीपणाचे ‘सन्माननीय’ काम पत्करते, असा त्या ओळींचा आशय आहे. चमचमणारी खोली पाहून हरखलेल्या प्रेक्षकाला या ओळी थोड्या उशिरा दिसतात, आणि तो उशीर कामाचा भाग आहे असे मी समजतो. जे काम रोज होते, रोज पुसले जाते आणि ज्याला पगार नसतो, त्याच्यावर येथे पाच वर्षांचे, न पुसले जाणारे आणि तेव्हा तितकेच बिनपगारी काम चढवले आहे. २००८ मध्ये ‘किचन’ व्हिटनी म्युझियम ऑफ अमेरिकन आर्टच्या संग्रहात दाखल झाले.

‘किचन’नंतर घेतलेल्या ‘बॅकयार्ड’ (१९९६–१९९९) या कामात हीच पद्धत अडली. घराच्या मागच्या अंगणात हिरवळ असते, आणि हिरवळीचे पाते सपाट पृष्ठभागावर गोंदाने बसवता येत नाही. ते उभे राहिले पाहिजे. त्यासाठी तारेवर मणी ओवावे लागले. पाती अडीच लाख होती, आणि ती एकटीने करायची तर चाळीस वर्षे लागतील असा हिशेब लू यांनी मांडला होता. त्यांनी लोकांना मदतीला बोलावले आणि स्वयंसेवकांनी एकत्र बसून पाती ओवली. हे शक्य झाले त्याचे कारण तारेत आहे. तारेवर हिरवे मणी ओवून टोक वळवणे हे दहा मिनिटांत शिकवता येते, एकाचे पाते दुसऱ्यापेक्षा थोडे वाकडे झाले तरी हिरवळ बिघडत नाही, उलट अधिक खरी दिसते. निर्णय मण्याच्या पातळीवरून उचलून मांडणीच्या पातळीवर गेला आणि स्टुडिओचे दार उघडले. मात्र या माणसांचे काम अजून उत्साहाचे आणि फुकटचे होते. कौशल्य लू यांचेच राहिले.

२००२ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप ही अमेरिकेतील मानाची पाठ्यवृत्ती मिळाली, जिची रक्कम त्या वेळी पाच लाख डॉलर होती. त्यानंतर विषय घराबाहेर पडून अधिक कठोर झाले: मृत्युदंडाच्या कैद्याची कोठडी, तुरुंगाचे काटेरी कुंपण. ‘सिक्युरिटी फेन्स’ (२००५) मध्ये पोलादी जाळी आणि वरची धारदार तार चंदेरी काचमण्यांनी झाकलेली आहे. ही कामे गाजली, पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यांत महत्त्वाचे आहे ते २००५ हे साल. त्या वर्षी लू दक्षिण आफ्रिकेतील दर्बन येथे गेल्या आणि तिथे त्यांनी स्टुडिओ उभारला, जो पुढे अनेक वर्षे चालला.

दर्बन हे शहर क्वाझुलू-नाताल प्रांतात येते आणि झुलू स्त्रियांचे मणीकाम हे तिथले जुने, जिवंत कौशल्य आहे. काचमणी त्या भागात समुद्रमार्गे आले. एकोणिसाव्या शतकात व्हेनिस आणि बोहेमियातला माल युरोपीय व्यापाऱ्यांनी आणला. त्याच्या कितीतरी आधी भारतीय मणी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोहोचत होते. (रायगड जिल्ह्यातील चौल येथे मिळालेल्या जुन्या काचमण्यांची रासायनिक घडण केनियाच्या किनाऱ्यावर मिळालेल्या काही मण्यांशी जुळते, ही गोष्ट आपल्याकडे जेवढी माहीत असायला हवी तेवढी नाही.) झुलू समाजात मण्यांचे रंग आणि आकृत्या यांतून वय, विवाहस्थिती आणि प्रेमाचा निरोपही सांगितला जाई. विसाव्या शतकात या कामाला पर्यटकांची बाजारपेठ मिळाली आणि ते नगावर विकले जाऊ लागले. २००५ च्या सुमारास प्रांतात बेरोजगारी मोठी होती आणि एचआयव्हीने कुटुंबेच्या कुटुंबे पोखरली होती. अशा ठिकाणी नियमित मोबदल्याचे मणीकाम येणे म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे जोडणी दुसऱ्यांदा बदलली. झुलू स्त्रिया मणी चिकटवत नाहीत, सुई-दोऱ्याने विणतात. अशा विणीत दोरा एका मण्यातून निघून शेजारच्या मण्यात जातो, वळतो आणि पुढच्या ओळीत परत येतो. हळूहळू मण्यांचेच कापड तयार होते. त्याला खालच्या वस्तूचा आधार लागत नाही, ते गुंडाळता येते, लटकवता येते, एकाला एक जोडता येते. ‘कंटिन्युअस माइल’ (२००६–२००८) या कामात सुती गाभ्याभोवती मणी विणून एक मैल, म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर लांबीचा दोर तयार करून त्याचे वेटोळे रचले आहे. गोंदाने असा दोर करता आला नसता; करता आला असता तरी तो वळला नसता.

पण तांत्रिक सोयीपेक्षा मोठा फरक कौशल्याच्या मालकीत पडला. ‘किचन’मध्ये कसब लू यांचे होते, ‘बॅकयार्ड’मध्ये मदतनिसांना कसबाची गरजच नव्हती. दर्बनमध्ये विणीचे ज्ञान विणणाऱ्यांकडे होते, आईकडून मुलीकडे आलेले होते, आणि त्या बाबतीत बाहेरून आलेली कलावंत शिकणारी होती. परिणामी कामाची भाषा बदलली. वास्तवाची नक्कल मागे पडली आणि एकरंगी, कापडासारखी, अमूर्त कामे पुढे आली. हा बदल समीक्षक बहुधा अमूर्त चित्रकलेच्या परंपरेशी जोडतात, आणि लू यांचा तसा उद्देश असणारच. तरी मला वाटते की विणीनेही तो बदल ढकलला. कागदाच्या लगद्याचा डबा मढवणे हे विणकरांचे काम नव्हते. सपाट पट्टी विणणे हे होते.

याच टप्प्यावर या प्रकरणातला सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो: इतक्या हातांनी विणलेल्या कामावर एकाच व्यक्तीचे नाव का? चित्रकाराचे मदतनीस, शिल्पकाराच्या ओतशाळेतले कारागीर यांची नावे दालनाच्या भिंतीवर सहसा येत नाहीत, हे उत्तर नेहमी दिले जाते. ते येथे पुरेसे नाही. ओतशाळेतला कारागीर कलावंताच्या नमुन्याची प्रत काढतो. विणकराने दिलेला ताण, तिची ओळ आणि तिचा हात हेच येथे पाहण्याचे विषय झाले आहेत. लू यांनी समूहाचा उल्लेख टाळलेला नाही, कामांच्या परिचयात झुलू कारागिरांचा निर्देश येतो. पण ‘झुलू कारागीर’ हा निर्देश समूहवाचक आहे, व्यक्तिवाचक नाही. मोबदला नियमित मिळाला म्हणून नावाचा प्रश्न सुटत नाही, आणि नाव छापले म्हणून बाजारभाव व मजुरी यांतली तफावतही सुटत नाही. ज्यांना या कामाची भीड वाटते त्यांनी दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारावेत. एकाचे उत्तर दुसऱ्याला दिले की चर्चा गुळगुळीत होते.

‘द वेव्ह्ज’ (२०१३–२०१७) या कामात हा प्रश्न कलाकृतीच्या अंगावरच उमटलेला दिसतो. हजाराहून अधिक पांढरी विणलेली मणीवस्त्रे भिंतभर लावलेली आहेत. सर्वांसाठी पांढरेच मणी, आकार सारखा, नक्षी नाही. तरीही दोन वस्त्रे सारखी दिसत नाहीत. कोणाच्या तळहाताला घाम अधिक येतो, कोणाच्या बोटाला तेल असते, हवेत दमटपणा कमी-जास्त असतो, आणि दर्बनच्या समुद्रकाठच्या हवेत तो भरपूर असतो. त्यामुळे दोरा आणि मणी पिवळसर, करडे, तपकिरी होत जातात. ताणही प्रत्येकीचा निराळा असल्याने कुठे कड आत ओढली जाते, कुठे उंचवटा येतो. कारागिरीच्या बाजारात यातले प्रत्येक लक्षण खोट ठरले असते आणि माल परत आला असता. येथे ते पुसलेले नाही. नाव नसले तरी प्रत्येक पट्टीवर एका विशिष्ट व्यक्तीचा हात आहे, हे डोळ्यांनी तपासता येते. लू यांच्या संपूर्ण कामात मला हा निर्णय सर्वांत महत्त्वाचा वाटतो, ‘किचन’पेक्षाही, कारण ‘किचन’मध्ये हात लपवलेला आहे; सारे लखलखते, आणि चिकटवणाऱ्या बोटांची खूण कुठेच राहत नाही.

जोडणीचा विचार संग्रहालयाच्या देखभालीतही टळत नाही. चिकटवलेल्या मण्यांच्या बाबतीत गोंदाचे वय हीच चिंता असते; तो कडक होऊन तडकला की मणी एकेक सुटतात, पण शेजारचा जागेवर राहतो. विणलेल्या कापडात दोरा तुटला तर ओळ सैल पडते आणि उसवणे पसरते. काचमण्याच्या छिद्राची कड धारदार असते, आणि कापड हलत राहिले तर ती कड दोरा आतून कापत जाते, म्हणून लटकवलेले काम मांडून ठेवलेल्या कामापेक्षा लवकर थकते. धूळ दोन्हीकडे छळते. फडक्याने पुसायला गेले तर ती दोन मण्यांमधल्या फटीत आणखी घट्ट बसते. मऊ कुंचल्याने उडवून कमी ओढीच्या व्हॅक्यूम यंत्राने ओढून घ्यावी लागते. शिवाय मुलाम्याचे मणी काळवंडतात आणि नुसते रंग चढवलेले मणी उजेडात विटतात, त्यामुळे काचेतच रंग असलेला मणी महाग पडला तरी मोठ्या आणि टिकाऊ कामासाठी तोच निवडणे शहाणपणाचे असते. घरी तोरण विणणाऱ्यालाही हे लागू आहे.

तिसरा बदल जोडणीचा नाही, तोडणीचा आहे. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लेमन मॉपिन कलादालनात लू यांनी ढगांवरची कामे मांडली. प्रदर्शनाचे शीर्षक ढगांच्या वर्गीकरणाविषयीचे होते, आणि ढगांना आज प्रचलित असलेली लॅटिन नावे देणाऱ्या ल्यूक हॉवर्ड यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या कामाची त्यात आठवण आहे. विणलेल्या पांढऱ्या मणीवस्त्रांवर त्यांनी तैलरंग लावले आणि मग काही ठिकाणी हातोडीने मणी फोडून काढले. काच फुटते, दोरा राहतो. मणी गेल्यावर उरलेली दोऱ्याची जाळी, जी एरवी कधीच दिसत नाही, ती उघडी पडते. चिकटवलेल्या कामावर हातोडी मारली असती तर खालचा लगदा दिसला असता. येथे विणकराच्या सुईने घेतलेली वाट दिसते.

यावर दोन मते संभवतात. एक असे की मोबदला देऊन घेतलेले, महिनोन्‌महिने विणलेले दुसऱ्याचे काम फोडण्याचा अधिकार कलावंताला विकत घेता येत नाही. निदान तो सहज वापरू नये. दुसरे असे की या फोडण्यामुळेच विणकरांचे काम पहिल्यांदा उघड्यावर आले, कारण मण्यांची चमक नेहमी दोऱ्यावर मात करते. माझा कल दुसऱ्या मताकडे आहे, पण तो निर्धास्त नाही. फोडलेल्या जागी दिसणाऱ्या दोऱ्यातून कोणीतरी ओळ कशी वळवली, कुठे गाठ मारली आणि कुठे नवा दोरा घेतला हे वाचता येते. ते वाचून झाल्यावर ती विणणारी कोण होती हे मात्र दालनातल्या पाटीवर शोधून सापडत नाही.